अमावास्येचं लंडनचं विमान

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. भेटायला येणारे त्यांच्या आजारपणाचं विचारतात. मला मात्र त्यांच्या नोकरीची पहिली वर्षं आठवतात.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही ठाण्याला नौपाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. हे मुंबईत आपल्या देशी विमान कंपनीत तिकिटं विकत, पण तात्पुरते. लंडनला परदेशी कंपन्यांचीही विमानं जात. भाडं सगळ्यांचं सारखंच. गिऱ्हाईक ओढायचं ते वेळेवर, जेवणावर आणि गोड बोलण्यावर. "महिनाअखेर लंडनचा एक प्रवासी आणा, कायम करतो," असं साहेबांनी ह्यांना सांगितलं होतं.

प्रवासी समोरच्याच घरात होता. तिथल्या काकूंचा मुलगा शिकायला निघाला होता. पण आमचं विमान नेमकं अमावास्येला, आणि परदेशी कंपनीचं तीन दिवस आधी, चांगल्या तिथीला. त्या कंपनीत ह्यांचा डोंबिवलीचा मित्र होता. काकूंकडे चहा पिऊन तो आमच्याकडे डोकावला.

"वहिनी, तुमच्या कंपनीकडे विमानं आहेत, पण पंचांग आमच्या बाजूनं आहे!"

 तो गेल्यावर हे चपला घालून समोर गेले.

"काकू, चांगल्या तिथीला प्रस्थान आमच्याकडे ठेवा ना."

मुहूर्तावर निघणं जमत नसेल, तर प्रवाशाची एखादी वस्तू त्या वेळी शेजारी नेऊन ठेवायची. तो तेव्हाच घरातून निघाला असं धरतात. काकूंना पटलं. तांदूळ, सुपारी, मुलाचा गरम कोट असं गाठोडं आमच्या कोपऱ्यात आलं. उत्साहाच्या भरात काकूंनी त्यात पासपोर्टही बांधला होता. दुसऱ्याच दिवशी ह्यांच्या ऑफिसनं तो तपासायला मागितला.

"निघालेला माणूस परत कसा बोलवू रे?" काकू रडवेल्या झाल्या.

"परत कशाला? आमच्या घरून ऑफिसात जाईल, संध्याकाळी आमच्याच घरी येईल. तुमचा उंबरा बघणारसुद्धा नाही."

"सांभाळून ने हो. माझा मुलगाच आहे तो."

ह्यांनी तो आतल्या खिशात ठेवून नेला-आणला. मुहूर्तावर माझा विश्वास नव्हता. तरी विमान सुटेपर्यंत मी त्या कोपऱ्यात केरसुणी फिरवली नाही.

अमावास्येच्या दुपारी मुलगा आमच्या घरून गाठोडं उचलून गेला. पुढच्या महिन्यात हे कायम झाले. मित्र पेढे खायला आला.

"आमच्या गोऱ्या साहेबानं विचारलं, प्रवासी हातचा का गेला? म्हटलं, तो तीन दिवस आधीच निघाला होता. बघतच राहिला माझ्याकडे!"

हे मोठ्यानं हसणारे नव्हते. त्या दिवशी मात्र समोरून काकू बघायला आल्या, काय झालं म्हणून.