सबनीस काकांचा शनिवार

वॉचमनचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. "मॅडम, वो लॉजवाले अंकल... आप जल्दी आ जाओ." मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत सबनीस काकांना सगळे लॉजवाले म्हणत. अर्ध्या लोकांना वाटायचं, यांचं मुंबईत कुठेतरी राहण्याजेवणाचं लॉज आहे. खरं म्हणजे काका फ्रीमेसन होते, एकमेकांना बंधू मानणाऱ्यांच्या एका जुन्या संघटनेचे सभासद. तिच्या शाखेला लॉज म्हणतात; फोर्टातल्या अशाच एका जुन्या लॉजचे ते एके काळचे मास्टर, म्हणजे प्रमुख. काकू गेल्या, मुलगा कॅनडात स्थायिक झाला, तेव्हापासून आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटेच राहत. मी पोचले तेव्हा पलंगावर कुशीवर होते... दुपारची झोप लागावी तसे.

आदल्या शनिवारीच जिन्यात भेटले होते. रणरणतं ऊन, तरी अंगात काळा कोट. "उत्तनला चाललोय, येतेस?" हे ते दर शनिवारी विचारायचे, आणि "पुढच्या वेळी नक्की" असं मी दर शनिवारी म्हणायचे. त्या दिवशी चादरी भिजवलेल्या होत्या, एवढंच कारण.

उत्तनला मारियामावशी राहतात. त्यांचे यजमान पीटर बोटीवर इंजिनाचं काम करायचे आणि काकांच्याच लॉजमध्ये होते. ते वारले त्या वर्षी काका मास्टर होते. गेलेल्या बंधूच्या घरच्यांकडे लक्ष ठेवायचं, हा त्यांच्यातला रिवाज. काकांचं मास्टरपद वर्षभरात संपलं, पण उत्तनची खेप वीस वर्षं चुकली नाही. भाईंदरहून बस धरून जायचे, मावशींच्या कागदपत्रांसाठी कचेरीत तासन् तास उभे राहायचे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस त्यांच्या पडवीत मुक्काम ठोकला. मी एकदा म्हटलं, "काका, किती करता हो त्यांच्यासाठी!" तर हसून म्हणाले, "मी कुठे करतोय? लॉज करतं. मी नुसता निरोप्या."

मुलगा येऊन सगळं उरकून गेला. मग लॉजला कळवावं म्हणून काकांच्या डायरीतला एक नंबर मी फिरवला. पलीकडे एक थकलेले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, कळवायला आता आहे कोण? आमचं लॉज बंद होऊन सात-आठ वर्षं झाली. माणसंच उरली नाहीत. शेवटच्या बैठकीला आम्ही चौघं होतो... सबनीसच अध्यक्षस्थानी होता." मी रिसीव्हर ठेवला. सात-आठ वर्षं हा माणूस कुणाचा निरोप घेऊन जात होता?

पुढच्या शनिवारी मी उत्तनची बस धरली. काकांची बातमी मावशींना चर्चमध्ये कळली होती. अंगणात बोंबील वाळत होते, त्या शेजारीच बसल्या होत्या. लॉजचं त्यांना सांगावं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी चाचरत सांगितलं. त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मना म्हाईत होता, बाय. पीटरचा एक दोस्त बोललेला, कवाच."

"मग काकांना कधी बोलला नाहीत?"

"कशी बोलू? मी बोलले असते तर तो कोनाच्या नावानं आला असता? मी दर खेपेला इचारायची, लॉजमदी सगले बरे हायत ना? तो बोलायचा, सगले बरे हायत, तुमची आठवन काढतात..."

 ऊन अंगावर आलं म्हणून आम्ही दोघी पडवीत गेलो. तिथे समुद्राकडे तोंड केलेली एकच वेताची खुर्ची होती, बसून बसून मध्ये खोलगट झालेली. कुणाची, ते विचारावं लागलं नाही. मी खाली चटईवर बसू लागले, तशा मावशी घाईनं "थांब" म्हणाल्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

"हिच्यावं बस," त्या म्हणाल्या. "मोकली बघवत न्हाय."