सुमनच्या फोनवर चालेल तेच ॲप

आमच्या वाशीमच्या ऑफिसात चहाचे कप वेळेवर धुतले जात नाहीत, किस्से मात्र रोज ताजे. आम्ही पिकावरची कीड ओळखणारं ॲप बनवतो. शेतकऱ्यानं पानाचा फोटो काढायचा, ॲपनं कीड सांगायची. प्रमोद मालक, निशा प्रोग्रॅमर, आणि ॲपमधलं मराठी माझं.

*

पहिली तक्रार अनसिंगच्या सहदेवभाऊंची. "फोटो काढला का तुमचं ॲप मरून राह्यलं. कीड मातर जितीच हाय."

निशानं तपासलं. बोटभर चौकटीत दाखवायला ॲप कॅमेऱ्याचा भलामोठा फोटो जसाच्या तसा मेमरीत उलगडत होतं. कोड प्रमोदचा होता.

"एक दाना पाहाले अख्खं पोतं काहून ओतलं, सर?" तिनं विचारलं, आणि फोटो आत घेतानाच लहान होईल असं करून टाकलं.

*

तरी भाऊंचे फोटो गायबच होत. शेवटी आम्ही अनसिंगला गेलो. भाऊंनी ॲपमधून कॅमेरा उघडला, सोयाबीनवर धरला आणि "थांबा जरा" म्हणून घरात गेले. धुतलेला सदरा, टोपी घालून आले आणि मग पानाचा फोटो काढला.

"भाऊ, फोटो तर पानाचा आहे," मी म्हणालो.

"पन काढून कोन राह्यलं?"

तेवढ्या वेळात फोननं मेमरी कमी पडते म्हणून कॅमेऱ्यामागचं आमचं ॲप बंद केलेलं! आता फोटो कुठे ठेवायचा ते ॲप आधी नोंदवून ठेवतं, मगच कॅमेरा उघडतं. भाऊ दाढी करून आले तरी चालतं.

*

प्रमोदचा फोन महागडा. "माझ्या फोनवर चालते ना," हे त्याचं ठरलेलं.

"मग तुमालेच विकू," निशा म्हणायची.

मंगरूळपीरच्या शेतकऱ्यांना ॲप दाखवायचं होतं, आणि त्यांचे फोन जुने. म्हणून मी सुमनचा फोन आणला. सुमन माझी पत्नी. ती गेल्यापासून तो कपाटात होता. चार्ज तेवढा करत होतो.

'जुना फोटो निवडा' दाबलं की त्यावर ॲप बंद पडायचं.

"गॅलरी उडवा ना काका, फोन हलका होईल," प्रमोद म्हणाला. मी फोन खिशात घातला.

निशा त्याच्याकडे वळली. "फोटो फोनच्या कपाटात पडून हायेत, त्याईचा काय तरास? आपलं ॲप सगळे एकदम हातात घ्याले जाते, म्हनून पडते. एकबी उडवाचा नाही."

*

तिनं दुरुस्ती केली. स्क्रीनवर दिसतील तेवढेच फोटो घ्यायचे, तेही लहान करून. सरकून गेले की सोडून द्यायचे. परीक्षा एकच, शेवटच्या फोटोपर्यंत सरकवत जाणं. सहदेवभाऊही आले होते, टोपी घालून. ती गॅलरी मी तोवर उघडली नव्हती.

नवे फोटो वर, जुने खाली. सगळ्यात वर मी, दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी स्टुलावर झोपलेला, तोंड उघडं. त्याखाली एसटीत झोपलेला. कारंज्याच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना झोपलेला. बँकेच्या बाकावर झोपलेला. प्रमोदला हसू आवरेना.

"वहिनीनं तुमाले एकदाबी जागं पकडलं नाही, सर," भाऊ मला म्हणाले.

निशा थेट तळाशी पोचली. ॲप बंद पडलं नाही.

"झालं काका. पास."

"पुन्हा वरून घे," मी म्हणालो. "एकदा चाललं म्हणजे चाललं असं नसतं."