जावई ग्रिलबाहेर

पनवेलच्या एसटी स्टँडमागे, एका दुकानाच्या माळ्यावर आमचा वर्ग भरायचा. डाऊन सिंड्रोम असलेली मोठी मुलं-मुली, कुणी अठराचं, कुणी पंचविशीतलं. शिकवायचं काय, तर चहा करणं, रिक्षा थांबवणं, रस्ता ओलांडणं. माझा लाडका धडा मात्र दाराचा. बेल वाजली की लगेच ग्रिल उघडायचं नाही. आधी विचारायचं, "कोण? काय काम आहे?" मग घरातल्या मोठ्यांना हाक मारायची. समोरच्याने विचारलं तर आपलंही नाव सांगायचं, मान खाली न घालता.

चोर मी व्हायचे. कधी गॅसवाला, कधी लाडू घेऊन आलेली लांबची आत्या. लाडवाला बरेच जण फितूर व्हायचे. एकच मुलगी बधली नाही. तिने लाडू ग्रिलमधून आत घेतला, खाल्ला आणि मला बाहेरच उभं केलं. अशी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं.

ती शिरढोणकडची. घर तीन मजली, आई प्रेमळ. इतकी, की लेकीला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायची नाही. एकदा तिच्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे यायचं ठरलं. "पावन्यांना चा मी करनार," असं थोरलीने वर्गभर जाहीर केलं. संध्याकाळी तिला न्यायला आलेली आई मला हळूच म्हणाली, "रविवारी तिला जासईला मावशीकडं ठेवनार हाय. पावन्यांसमोर नको, बाई."

माझं डोकंच फिरलं. "चहा तीच करणार," मी म्हटलं.

"आन लगीन मोडलं तं? धाकटीला तुमी सून करून नेनार काय?"

"मुलगा असता तर आजच नेली असती."

ती हसली आणि अर्धी लढाई मी तिथेच जिंकले. तोडगा असा निघाला, की थोरलीने चहा करायचा, पण स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकायचं नाही. राखणीला मी. राखण किती भरवशाची, ते त्या माउलीला ठाऊक नव्हतं.

रविवारी पाहुणे वेळेआधीच टपकले. वडील मिठाई आणायला गेलेले, आई वर धाकटीला साडी नेसवत होती. बेल वाजली. थोरलीने गॅस बंद केला, हेही वर्गातलंच, आणि दाराकडे निघाली. मला तिचा हात धरता आला असता. मी आलं किसत राहिले.

"कोन? काय काम हाय?"

मुलाचे वडील कडक सफारीत होते. "पावने आलोत. दार उघड."

"नाव सांगा."

"आमाला वलखत नाय काय?"

"नाय."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात नवरामुलगा पुढे झाला. त्याने सावकाश आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कंटेनर यार्डातली नोकरी सांगितली. "मुलगी बघायला आलोय," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

आई जिन्यावर येऊन थिजली होती. थोरलीने आपलं नाव सांगितलं, वडिलांचंही, आडनावासकट. "मी या घरची थोरली. चा मीच करते. थांबा, आईला इचारते."

आईने खाली उतरून कडी काढली. चहात आलं इतकं पडलं होतं की सफारीवाले ठसकले. मुलाने मात्र दुसरा कप मागितला. निरोप फोनवर कळवतो म्हणून मंडळी गेली, तशी आई कपबशा गोळा करू लागली. "मोडलं, बाई."

मलाही धास्ती वाटली. पण धाकटीने वरच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं. ती साडी सावरत आली आणि म्हणाली, "त्यांचं काय ते त्यांना ठरवू दे. माजा होकार हाय. माज्या बहिनीला नाव सांगून जो घरात येतो, तोच मला पायजे."

होकार तिकडूनही आला. सफारीवाल्यांनी लग्नात मानपान अंमळ जास्त घेतला, पण ते चालायचंच.

पहिल्या दिवाळसणाला मीही तिथे होते. बेल वाजली. बाहेर जावई, हातात फराळाची पिशवी, चेहऱ्यावर हसू. आई दाराच्या अगदी जवळ बसली होती. तिने त्याला पाहिलंही. पण उठली नाही. आत वळून तिने हाक मारली, "थोरले, दार बघ गं. कोन आलंय, इचार."