अंगठा मी देत नाही

डॉक्टरांनी सुईनं अंगठ्याला टोचलं. मला काही कळलं नाही. तळव्याला टोचलं, तेही कळलं नाही. मग म्हणाले, "आबा, अंगठा मेलाय. काढावा लागेल."

उजव्या पायाचा अंगठा. वाळल्या खारकेसारखा काळा पडला होता. ह्याला गँगरीन म्हणतात. म्हणजे रक्त पोचत नाही आणि तेवढा भाग अंगावर असतानाच मरतो.

मी इंदापूरजवळच्या कळस गावचा. आधी मेंढरं होती, आता ऊस आहे. शाळा दुसरीपर्यंत. हे लिहितोय ते शुगर असलेल्या माणसांसाठी आणि लोंढे सिस्टरांसाठी.

झालं एवढंच की चपलेचा खिळा वर आला होता. तो अंगठ्यात शिरत होता आणि मी तसाच उसात हिंडत होतो. सुनेला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा कळलं. शुगरनं पायाची जाणीव जाते, त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं मी धरून चाललो आणि हळद-तेल भरत राहिलो. वास सुटल्यावर पोरानं, दत्तानं, मला गाडीत घातलं. इंदापूरच्या डॉक्टरनं नुसतं बघितलं आणि चिठ्ठी देऊन बारामतीला धाडलं.

तिथं डॉपलर केला. पायावर थंडगार मलम लावून यंत्र फिरवतात आणि रक्त कुठवर पोचतंय ते बघतात. पायाला रक्त होतं, अंगठ्याला नव्हतं.

डॉक्टर गेले आणि प्रियांका नावाची नवी सिस्टर संमतीचा कागद घेऊन आली. शाईचा पॅड पुढं केला आणि म्हणाली, "आजोबा, अंगठा द्या."

आता सांगतो, सही मी मेंढरामागं हिंडताना शिकलो. काठीनं मातीत नाव गिरवून गिरवून. आजवर कुठल्या कागदावर अंगठा उठवला नाही. साखर कारखान्याच्या सभेला माझ्या बरोबरीचे अंगठे उठवतात आणि मी पेन मागून घेतो. त्यात पायाचा अंगठा जाणार हे नुकतंच ऐकलेलं. तो शब्द मला दोन्ही बाजूंनी लागला. मी पॅड फेकला. शाई तिच्या पांढऱ्या कपड्यावर उडाली आणि ती रडायला लागली.

तेव्हा लोंढे सिस्टर आल्या. वॉर्डाच्या इन्चार्ज. पिकलेल्या केसांचा अंबाडा, आवाज बेताचा. प्रियांकाला म्हणाल्या, तोंड धू, चहा घे. पॅड स्वतः उचलला. मग माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"सही येते का, हे आधी विचारायला पाहिजे होतं. ते आमचं चुकलं. पॅड फेकला ते तुमचं चुकलं. ह्या वॉर्डात ओरडायचं असलं तर माझ्यावर ओरडा, माझ्या पोरींवर नाही."

"मग माझं समदं तुमीच करा. ती पोर नको."

"तीच करणार," म्हणाल्या आणि गेल्या.

सही मी केली नाही. डॉक्टरांनी समजावलं की विष वर चढलं तर गुडघ्याखालून पाय जाईल. दत्ता हातापाया पडला. माझं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. अख्खा आलो, अख्खा सरणावर जाणार, असं माझं ठरलेलं. अंगठा मागं ठेवून जायचं कसं? शेवटी दत्ताला विचारलं, कापलेला अंगठा आपल्याला देत्यात का? तो म्हणाला, देतात, बरणीत घालून. दत्ता खोटं बोलला की कान खाजवतो. तो खाजवत होता.

मग मी लोंढे सिस्टरांना विचारलं. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"नाही देत, आबा. पिवळ्या पिशवीत घालतात. ती पिशवी भट्टीत जाते, तिथं जाळतात."

"जाळत्यात?"

"राख होते."

"म्हंजी अग्नी मिळतो."

"मिळतो."

"मग तो म्होरं गेला म्हणायचा. मी मागनं येतो."

"सावकाश या," म्हणाल्या आणि प्रियांकाला हाक मारली. ह्या खेपेला तिनं नुसतं पेन आणलं.

पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचं बधिर केलं. मी जागा होतो. कापताना काही कळलं नाही. अंगठ्याचं मला तसंही कळत नव्हतंच.

ड्रेसिंगला प्रियांकाच आली. ती पट्टी कोरडीच ओढायला लागली. लोंढे सिस्टर मागं हात बांधून उभ्या. मला वाटलं, पुढं होतील. झाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पट्टी भिजव, मग निघेल." पुढं पुढं त्या उभ्याही राहिनात. पोरीचा हात हलका झाला, हे मी मान्य करतो.

दुपारी समद्या पोरींचे डबे उघडल्यावर लोंढे सिस्टर आपला डबा काढायच्या, आणि आधी विचारायच्या, कोण राहिलंय? आमच्या मेंढरांच्या वाड्यावर म्होरक्या असाच असायचा. शेवटचं कोकरू आत आल्याशिवाय भाकरी सोडायचा नाही. मी पलंगावरनं हे बघत होतो.

एक मात्र लिहून ठेवतो. त्यांनी माझी तंबाखूची चंची काढून घेतली, तंबाखूनं शिरा आवळतात म्हणून. अजून दिली नाही. ते मला पटलेलं नाही.

शुगर असंल त्यांनी रोज संध्याकाळी आरशात तळवे बघावेत. अनवाणी हिंडू नये. मोजे सुती घालावेत. आणि दुखत नाही म्हणून गप बसू नये, न दुखणंच वाईट.

यंदा दवाखान्यानं लोंढे सिस्टरांचा सत्कार ठेवला आणि मलाही बोलावलं. पायात डॉक्टरांनी सांगितलेला मऊ तळाचा बूट होता. अंगठा नसल्यानं चालताना पाय पुढं रेटत नाही, त्यामुळं जिना चढायला वेळ लागला. सिस्टर एकट्या स्टेजवर जाईनात. प्रियांकाला ओढलं, झाडूवाल्या मावशींना ओढलं, तेव्हा शाल घेतली. मग मला म्हणाले, आबा, दोन शब्द बोला.

मी म्हणालो, "जन्मात मी कुणाला अंगठा दिला न्हाय. ह्या बाईला दिला."

लोक हसले. सिस्टर हसल्या नाहीत. शाल खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी खाली माझ्या बुटाकडं बघितलं.

"आबा," म्हणाल्या, "मोजे सुतीच आहेत ना?"