बांगडा, सर

चुका सुधारायची खोड मला बाबांकडून आली. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि घरातही त्यांच्या हातातली लाल पेन्सिल कधी खाली राहिली नाही. आई मालवणीत बोलायची, बाबा तिचं वाक्य तिथल्या तिथे शुद्ध करून परत द्यायचे. आई ते परत घ्यायची नाही, ती गोष्ट वेगळी. मी मात्र घ्यायचे. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत माझी अशी अवस्था झाली होती की दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी माझ्या पायाला मुंग्या यायच्या.

दोन हजार आठ साली मालवणच्या बाजारपेठेच्या टोकाला मुंबईच्या एका कंपनीने मोठं दुकान काढलं. एकच लांबलचक हॉल होता, पण वर ट्यूबलाइटी आणि दारात ढकलगाड्या, म्हणून सगळे त्याला मॉल म्हणायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुपारी एक ते पाच अशी अर्धवेळ नोकरी मिळाली, बिलाच्या काउंटरवर. आम्ही अर्धवेळच्या नऊजणी होतो. त्यातली एक तारकर्लीची काकी, चाळिशी उलटलेली. सकाळी मासळी बाजारात टोपली लावायची, ती संपली की घरी न जाता लिंबाने हात चोळून थेट दुकानात यायची आणि मागच्या खोलीत डाळ-तांदळाच्या पिशव्या भरायची. लिंबाने फारसा फरक पडायचा नाही. सुपरवायझर नाक मुरडायचा, पण तिच्यासारखा बिनचूक वजनाचा हात दुसऱ्या कोणाला नव्हता, म्हणून गप्प बसायचा.

मला ती पहिल्या दिवसापासून ‘गो बाय’ म्हणायला लागली, घरच्या मुलीला हाक मारावी तसं. मी तिला काकी म्हणायचे. चहाच्या सुट्टीत ती आपल्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्या पुढ्यात ठेवायची.

सुरुवातीला पगाराची चिठ्ठी कागदावर मिळायची, पातळ पिवळ्या पाकिटात. पगार बँकेत जायचा, तरी त्या चिठ्ठीचं बायकांना फार अप्रूप होतं. काकी ती घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवायची. मग दिवाळीच्या आसपास फर्मान आलं की यापुढे चिठ्ठ्या बंद, ज्याने त्याने कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन बघायच्या. नोंदणी करायला हेड ऑफिसातून एक तरुण साहेब आले, लॅपटॉप घेऊन. मागच्या खोलीत तेलाच्या डब्यांवर लॅपटॉप ठेवला आणि एकेकीला बोलवायला लागले. मी संगणकाचा कोर्स केला होता, म्हणून टाइप करायला मला बसवलं. माझी मान काय ताठ झाली होती म्हणून सांगू! साहेब ‘गुड’ म्हणाले की मला गुदगुल्या व्हायच्या.

काकीची पाळी आली. पासवर्ड ठरला, तो तिला बिलाच्या कागदामागे लिहून दिला. मग आला गुप्त प्रश्न. पासवर्ड विसरलात तर हा प्रश्न विचारला जाईल आणि त्याचं उत्तर बरोबर दिलं तरच दार उघडेल, असं साहेबांनी समजावलं. पहिला प्रश्न होता आईचं माहेरचं आडनाव. काकी म्हणाली, “तां कित्याक होया तुमका? तिका मरान वीस वर्सां झाली.” बायका खिदळल्या. मग आवडता पदार्थ घेऊया असं ठरलं.

“बांगडो,” काकी म्हणाली. “दुसरा काय?”

“काय? बांगडू?” साहेबांनी भुवया वर केल्या.

पुन्हा सगळ्या हसल्या. मला उगाचच लाज वाटली, जणू माझ्याच घरातलं कोणीतरी पाहुण्यांसमोर काहीतरी बोलून गेलं होतं. मी घाईघाईने म्हणाले, “बांगडा, सर. मासा असतो.” साहेबांनी मान हलवली, मी टाइप केलं, पुढची आली.

त्यानंतर कोणी वेबसाइटकडे फिरकलंही नाही. पगार जमा होत होता, बायकांना तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा दर्यात गेल्या आणि त्याच आठवड्यात काकी एका दुपारी माझ्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली. हात अजून ओले होते.

“गो बाय, माझी चिठी खंय गावतली? तीन म्हयन्यांची होई.”

तिच्या मुलीला कोल्हापूरच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. फी सवलतीशिवाय ती जागा घेणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि सवलतीला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा होता. नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. त्याच्या कमाईचा कागद कुठला असणार? घरात कागदावर कमावणारी काकी एकटीच. तहसील कचेरीतल्या कारकुनाने स्पष्ट सांगितलं होतं, तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणा, मग दाखला. कॉलेजात कागद द्यायची शेवटची तारीख परवाची होती. म्हणजे मुलीला उद्या संध्याकाळी सहाच्या एसटीने निघायला हवं होतं.

“पासवर्डचा कागद कुठे आहे?” मी विचारलं.

“कॅलेंडराच्या पाठी लावन ठेवलेलंय. नवा कॅलेंडर इला तेवा जुना पाणी तापवूक चुलीत घातलंय.”

सुपरवायझरने हात वर केले. हेड ऑफिसला मेल करा म्हणाला, आठवड्याभरात उत्तर येईल. मी त्याच्याकडून अर्धा तास मागून घेतला आणि काकीला घेऊन बाजारातल्या नेट कॅफेत गेले. वाटेत माझं तोंड चालूच होतं. कागद चुलीत कोणी घालतं का, आधी का नाही सांगितलं, आता कचेरीत गेल्यावर तरी नीट बोला, ‘दाखलो’ नका म्हणू, ‘दाखला’ म्हणा, म्हणजे माणसं ऐकतात. काकी माझ्या मागून भराभर चालत होती. तिने ‘होय गो’ एवढंच म्हटलं.

कॅफेत तीन संगणक, त्यातला एक बंद. पान उघडायला इतका वेळ लागत होता की मी खुर्चीवर बसून पाय हलवत राहिले आणि शेजारच्या मुलाने माझ्याकडे दोनदा रागाने बघितलं. शेवटी गुप्त प्रश्न आला. आवडता पदार्थ.

“बांगडो,” काकी लगेच म्हणाली.

मी टाइप केलं, शेवटी ओ. उत्तर चुकीचं.

“बांगडोच ना? नक्की?”

“मी बांगडोच सांगलंय. माका नाय आठवणार तर कोणाक?”

मग मी डीच्या आधी एक ए घालून बघितला. चुकीचं. पहिलं अक्षर मोठं करून बघितलं. चुकीचं. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली की तीन प्रयत्न संपले, आता चोवीस तासांनी या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी काकीला सूचना वाचून दाखवली.

“चूक माझीच,” ती म्हणाली. “माका नीट सांगूक येवक नाय आसतला.”

मी ‘नाही हो काकी’ म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “उद्या नीट आठवून या.”

त्या रात्री आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. ताटात वाढता वाढता म्हणाली, “बांगडो ताजो आसा, आनी एक घे.” आणि बाबा घास चावता चावता, नेहमीच्या सवयीने म्हणाले, “बांगडा ताजा आहे.”

माझा हात ताटातच थांबला. तेलाचे डबे, लॅपटॉप, साहेबांच्या वर गेलेल्या भुवया, आणि माझाच आवाज, ‘बांगडा, सर’. काकीने बरोबर सांगितलं होतं. तिच्या तोंडचा शब्द मी साहेबांसमोर शुद्ध करून घातला होता आणि विसरूनही गेले होते. वर आज बाजारभर तिलाच बोल लावत नेलं होतं.

मी जेवण तसंच टाकून उठले. आईने काय झालं विचारलं, मी काही नाही म्हटलं. काकीच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, नंबरही माझ्याकडे होता. तीनदा रिसीव्हर उचलला आणि ठेवला. उत्तर सापडलंय एवढं तरी सांगता आलं असतं, तिला झोप तरी लागली असती. पण कसं सापडलं म्हणून विचारलं असतं तर? मी पडवीत येरझारा घालत राहिले. बाबांनी आतून विचारलं, “अशी फिरतेस कशाला?” मला त्यांचाही राग आला, माझा तर आलाच होता.

दुसऱ्या दिवशी काकीने टोपली लावलीच नव्हती. धुतलेलं लुगडं नेसून, मुलीची सगळी कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन ती पावणेचारलाच कॅफेच्या पायरीवर बसली होती. रात्रभर आठवत होते म्हणाली. बांगडो नव्हे तर कदाचित दुसरी मासळी, सुंगटां सांगितली असतील, नाहीतर पेडवे. मला तिच्याकडे बघवेना.

चार अकराला पान उघडलं. प्रश्न आला. मी टाइप केलं, बी ए एन जी डी ए. आणि दार उघडलं. मे, जून, जुलै, तिन्ही चिठ्ठ्या एकाखाली एक, वर काकीचं पूर्ण नाव.

“काय घातलंस गो?” तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. तिला रोमन अक्षरं वाचता येत नव्हती. पण खरं तेच तोंडातून बाहेर पडलं.

“बांगडा. तुम्ही बांगडोच सांगितलं होतं, काकी. मी बदललं. त्या साहेबांसमोर.”

प्रिंटर करकरत एकेक कागद बाहेर टाकत होता. काकी ते बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं.

“माझ्या तोंडातलो बांगडो काढून घेतलंस गो तू,” ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हे सावकाश म्हटलं, कागद गोळा करत.

कचेरीपर्यंत आम्ही जवळजवळ धावतच गेलो. पावसाची सर आली, तिने पिशवी पदराखाली घेतली. खिडकीपाशी कारकून टेबल आवरत होता. “काय काम आहे?” त्याने वर न बघता विचारलं. काल वाटेत मी पढवलेलं सगळं माझ्या डोक्यात घोळत होतं. काकीने चिठ्ठ्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माका दाखलो होयो. चेडवाक सहाची एसटी गाठूची आसा.”

कारकुनाने मान वर केली. चिठ्ठ्या चाळल्या. “गावतलो,” तोही मालवणीतच म्हणाला. “बसा थंय. सायबांची सही घेवन येतंय.”

पावणेसहाला दाखला हातात पडला. मुलगी स्टँडवर बॅग घेऊन उभी होती. काकीने कागद तिच्या बॅगेत घातला, चेन लावली, मग पुन्हा उघडून बघितला, पुन्हा लावली. गाडी सुटली. मुलीचा प्रवेश झाला आणि ती नर्स झाली, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात लवकर गेले. रस्त्यात मनाशी वाक्यं जुळवत होते. माफी मागायची, गुप्त उत्तर बदलून द्यायचं, तिचा शब्द तिला परत द्यायचा. मागच्या खोलीत काकी तूरडाळीच्या पिशव्यांना गाठी मारत होती. मला बघून ती उठून उभी राहिली. ती आजवर माझ्यासाठी कधी उठली नव्हती.

“ताई,” ती म्हणाली, “या पिशव्या मी कुठे ठेवू? तुम्ही सांगाल तिथे ठेवते.”

मी काकी, काकी म्हणत राहिले. ती ऐकून घेत होती, मान डोलवत होती. माझं बोलणं संपल्यावर “बरं आहे ताई” म्हणाली आणि पुन्हा कामाला बसली. चहाच्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि भाकरी एकटीने खाल्ली. पुढे वर्षभर आम्ही एकत्र काम केलं, त्या वर्षात ‘गो बाय’ मी तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. माझ्याशी ती, मी कचेरीसाठी पढवलं होतं तसंच बोलायची, सावकाश, एकेक शब्द जपून. आणि मी, सवयीने, ऐकता ऐकता शोधत राहायचे. सुधारण्यासारखी एकही चूक त्यात नसायची.