शिंकेनं उडालेला माळढोक

परदेशगमन म्हटलं की बोट हवी आणि वांत्या हव्यात. आमच्या नशिबी बैलगाडी होती. वांत्या मात्र मला झाल्या. निपाणीच्या पुढं हद्दीचा दगड ओलांडला की इंग्रजांचं राज्य संपतं नि संस्थानाचं सुरू होतं, एवढाच आमचा परदेश. तिथल्या माळावर माळढोक (कमरेएवढ्या उंचीचा, गवतातून ऐटीत चालणारा पक्षी) बघायला मी नि अनगोळचे आप्पा गेलो होतो. आप्पा माझे शाळेतले मास्तर. एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसऱ्यातही पडदा उतरत होता. तो पुरता झाकायच्या आत माळढोक बघायचा, हा त्यांचा हट्ट.

शेवटचा दिवस उजाडला तरी पक्ष्याचा पत्ता नव्हता. परतताना नाक्यावरच्या शिपायानं आमची दुर्बीण उलटी धरून आम्हांला न्याहाळलं.

"ह्ये कशाला?"

"पाखरं बघायला."

"धरून खायाला?"

"न्हाय, नुसती बघायला."

"घरात भांडण झालंय व्हय?"

नाक्याअलीकडं बाभळीखाली भाकरी नि खर्डा (मिरचीचा ठेचा) सोडला. आप्पांचा हात सवयीनं खिशात गेला नि रिकामा परतला. तपकिरीची डबी त्यांनी पहिल्याच दिवशी ओढ्यात फेकली होती, माझ्यामुळं. त्या दिवशी तपकीर ओढून त्यांनी दणकून शिंक दिली नि मी गमतीनं म्हणालो, "उडाला की माळढोक तुमच्या शिंकेनं! पांढरी मान, काळी टोपी!" जन्मभर तपकीर ओढलेल्या माणसानं जागच्या जागी ती सोडली. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला छान जमतं. लोक त्याला सभ्यपणा म्हणतात.

खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलंच होतं. म्हटलं, त्याच आडोशानं बोलून टाकू.

"आप्पा, त्या दिवशी माळढोक नव्हताच. थाप मारली मी."

आप्पांनी घास गिळला. "आणि डबी?"

"ती खरीच गेली."

"गाढवा! सासऱ्यानं दिलती रं ती!"

त्यांनी गाडीवानाकडून तपकीर मागून घेतली. चिमूट नाकाशी नेणार, तोच त्यांच्या पाठीमागं गवतातून एक पांढरी मान वर आली.

"आप्पा, माळढोक."

"व्हय. आणि मी गव्हर्नर."

मी त्यांचे दोन्ही कान धरले. शाळेत त्यांनी माझे धरले, तसेच. मान वळवली, दुर्बीण डोळ्याला लावली. आप्पा श्वास रोखून बसले. चिमूट तशीच नाकाखाली. मग व्हायचं तेच झालं. शिंक आली आणि माळढोक खरोखरच उडाला.

"दिसला?"

"दिसला की! पांढरी मान, काळी टोपी!"

संकेश्वर गेलं, बेळगावचे दिवे आले, तरी निपाणीला धरलेल्या मोटारीत माझ्या डोक्यात एकच: हे तर माझ्याच थापेतले शब्द. त्यांना दिसला, की माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून त्यांनी माझीच थाप मला परत केली? विचारायला तोंड नव्हतं.

अनगोळात आप्पांच्या पत्नी, आक्का, दारातच उभ्या होत्या. "दिसला काय हो?"

"ह्याला विचार," आप्पा म्हणाले.

"दिसला, आक्का," मी म्हणालो. "दोघांनाही."