बिस्किट कशाचं असतंय?

आमच्या मिरजगावच्या गिरणीवाल्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. गिरणी बंद असली तरी तो ओरडूनच बोले. पोटाच्या दुखण्यासाठी पुण्याच्या डॉक्टरांनी माझा गहू कायमचा बंद केला होता, कणभरसुद्धा चालणार नव्हता. गावात चर्चा नको, म्हणून मी ‘नवस आहे’ असं ठोकून दिलं. तेव्हापासून माझ्या रेशनच्या मिलोआधी, म्हणजे त्या तांबड्या परदेशी ज्वारीआधी, तो ऐन दुष्काळात स्वतःची मूठभर ज्वारी दळून दगडांतला गहू काढून टाकी.

तरी माझं पोट बिघडतच होतं. एका सकाळी मी रांगेदेखत भडकलो, "तुमच्या दगडांत गहू राहतोय!"

"आन् तुमच्या हातात काय हाय, मास्तर?" तो गरजला.

"बिस्किट." मी रोज चहात दोन बुडवीत असे, दळणाची वाट बघतानाही.

"कशाचं असतंय ते? मैद्याचंच न्हवं? आन् मैदा काय बाभळीला लागतो?"

रांग खदखदून हसली. मी बिस्किट खिशात कोंबलं.

तो जवळ आला आणि चक्क कुजबुजला, "नवसानं मानूस असा वाळत न्हाई. दुखनं हाय ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"देवाचा नवस हाय त्यांचा, हसू नका!" रांगेवर ओरडून त्याने आपली ज्वारी आधी ओतली.